पाच व्होल्ट वाटेत कुठे गळतात?

पिकिट ३ हा प्रोग्रॅमर लॅपटॉपला लावला, त्याचं सहा पिनांचं टोक बोर्डात बसवलं, एमप्लॅब एक्समधून प्रोग्रॅम चढवायला गेलं की खालच्या चौकटीत संदेश येतो: पिकिट यूएसबी पोर्टातून ५ व्होल्ट देऊ पाहतोय, पण टार्गेटवर ४.६२५ व्होल्टच मोजले जाताहेत. पोर्टची पॉवर कमी पडत असावी. पीआयसी मायक्रोकंट्रोलरवर प्रोजेक्ट करणाऱ्या डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना हा संदेश कधी ना कधी गाठतोच. तो आला की बहुतेकांचा हात आधी ड्रायव्हरकडे जातो. ड्रायव्हर काढून परत टाकतात, मग अख्खं एमप्लॅब काढून परत टाकतात, तेवढ्यानं भागलं नाही तर आयसी उडाली असं धरून दुसरी आणायला निघतात. खरं म्हणजे संदेशातच आकडा दिलेला आहे. पाचातले पाव व्होल्टाहून जास्त वाटेत कुठेतरी गेले. ते कुठे गेले हे शोधायचं, इतकंच काम आहे, आणि त्याला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

शोध सुरू करण्याआधी एक समजूत सोडून द्यावी लागेल. पिकिट ३ हा पॉवर सप्लाय नाही. टार्गेट बोर्डाला तो स्वतःकडून फार तर ३० मिलिअँपिअर करंट देऊ शकतो, असं मायक्रोचिपनंच त्याच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलं आहे. पिकिट ४ साठी हा आकडा ५० मिलिअँपिअर आहे, आयसीडी ३ साठी १००. सुट्टी आयसी, एखादा क्रिस्टल आणि एक-दोन एलईडी एवढ्यावर प्रोग्रॅम चढवायचा असेल तर ३० मिलिअँपिअर भरपूर झाले. पण प्रोजेक्टचा बोर्ड एवढ्यावर कधी थांबत नाही. १६ बाय २ चा एलसीडी आला की त्याचा बॅकलाइट एकटाच हा हिशेब संपवू शकतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या चौकोनी ५ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ओहम असतो, म्हणजे एक रिले ओढला की ७० मिलिअँपिअर गेले. दोन रिले, एलसीडी आणि चार एलईडी असा बोर्ड पिकिटच्या पॉवरवर चालवायला गेलं तर संदेश येणारच. जीएसएम मॉड्यूल असेल तर बोलायलाच नको. टॉवरशी बोलताना ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं.

म्हणून पोर्टला दोष देण्याआधी बोर्डावरच्या वस्तूंची बेरीज करा. डेटाशीट उघडा, प्रत्येकासमोर मिलिअँपिअर लिहा. ही बेरीज करणारे फार थोडे असतात, आणि पोर्टची पॉवर कमी पडतेय या तक्रारीतली बरीच प्रकरणं याच कागदावर सुटतात.

आता पोर्टकडे वळू. यूएसबीवर ५ व्होल्ट मिळतात हे आपण शाळेच्या पाढ्यासारखं म्हणतो, पण यूएसबी २.० चं प्रमाण तसं वचन देत नाही. कॉम्प्युटरच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ या दरम्यान काहीही असलं तरी तो पोर्ट नियमात बसतो. त्यात, जो हब स्वतःच कॉम्प्युटरच्या पॉवरवर चालतो, त्याच्या पोर्टवर ४.४० व्होल्टपर्यंत खाली आलं तरी चालतं. करंटचंही तसंच आहे. यूएसबी २.० मध्ये उपकरणाला सुरुवातीला १०० मिलिअँपिअरची मुभा असते. त्यानं स्वतःची ओळख सांगून जास्त मागितले आणि कॉम्प्युटरनं मान्य केलं, की मग ५०० पर्यंत. यूएसबी ३.० मध्ये हेच आकडे १५० आणि ९०० आहेत. विनाअडॅप्टरचा हब मात्र मिळालेल्या ५०० मधले थोडे स्वतःला ठेवून प्रत्येक पोर्टला १०० च देऊ शकतो. त्याच हबवर शेजारी माउस, पेन ड्राइव्ह आणि वाय-फायचा डोंगल बसला असेल, तर पिकिटच्या वाट्याला काय येणार ते उघड आहे.

यावरून लगेच करता येण्यासारखी एक गोष्ट निघते. एमप्लॅब एक्समध्ये प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पिकिटचं पान उघडून पॉवर हा विभाग निवडला, की ‘पॉवर टार्गेट सर्किट फ्रॉम पिकिट ३’ अशी खूण करायची चौकट आणि तिच्याखाली व्होल्टेजची यादी दिसते. तिथे ५.० असतं. पोर्टवरच जेमतेम ४.८ येत असतील तर पिकिटनं पुढे ५.० कुठून द्यायचे? मागणी ४.७५ किंवा ४.५ वर आणा. कित्येकदा तेवढ्यानंच संदेश जातो आणि आयसी ओळखली जाते. बोर्ड अगदी हलका असेल तर हा उपाय योग्यच आहे, त्यात तडजोड काही नाही.

बोर्ड हलका नसेल तर मात्र ही मलमपट्टी महागात पडते. व्होल्टेज काठावर आलं की चुका अशा येतात, की त्यांचा संबंध पॉवरशी आहे हे सुचतच नाही. पीआयसी१६एफ८७७ए घ्या; आपल्याकडच्या प्रोजेक्टांत अजूनही खूप दिसणारी आयसी. ती ४ व्होल्टवरही चालते, पण तिची मेमरी एकदम पूर्ण पुसायची असेल तर किमान ४.५ व्होल्ट लागतात. म्हणजे आयसीचा ओळखक्रमांक वाचला जातो, जुना प्रोग्रॅमही वाचता येतो, आणि पुसून नवा लिहायला गेलं की पडताळणीत चूक येते. आयसी अर्धवट बिघडली असं वाटतं. प्रत्यक्षात दशांश दोन-तीन व्होल्ट कमी पडलेले असतात. याच आयसीचा ब्राउनआउट रीसेट ४ व्होल्टच्या आसपास लागतो. नुसता बोर्ड ४.५ वर उभा असतो, प्रोग्रॅमनं रिले ओढला की क्षणभर व्होल्टेज ४ च्या खाली जातं, आयसी नव्यानं सुरू होते. ओळीन् ओळ डिबग करत बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्या लूपमध्येच काहीतरी घोळ आहे. तासन् तास कोड वाचूनही तो सापडत नाही, कारण तो कोडमध्ये नसतोच.

याहून फसवा प्रकार तापमान मोजणाऱ्या बोर्डांत होतो. एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत ३० अंश असतील तर ३०० मिलिव्होल्ट. एडीसीचा संदर्भ म्हणून पुरवठ्याचंच व्होल्टेज घेतलं आहे आणि कोडमध्ये ते ५ धरलंय, पण प्रत्यक्षात बोर्डावर ४.६ आहेत. एलसीडीवर ३२.६ अंश दिसतील. सेन्सर बरोबर, सूत्र बरोबर, आणि उत्तर अडीच अंशांनी चुकलेलं. मग कोडमध्ये वजाबाकीचा एक आकडा घुसडून ते बरोबर केलं जातं, आणि परीक्षेच्या दिवशी चांगल्या सप्लायवर तेच यंत्र २७.४ दाखवतं. असा घुसडलेला आकडा कुणाच्याही कोडमध्ये दिसला तर आधी पुरवठ्याचं व्होल्टेज विचारा.

तर, मोजायचं कसं? मोजताना बोर्डाला पॉवर चालू राहिली पाहिजे. एमप्लॅब एक्स प्रोग्रॅम चढवून झाला की जोडणी सोडून देतं, आणि मल्टिमीटरच्या सुया टेकवेपर्यंत आकडा नाहीसा झालेला असतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, एम्बेडेडच्या पानावर, ‘मेंटेन ॲक्टिव्ह कनेक्शन टू हार्डवेअर’ अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करा. मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून तीन ठिकाणी वाचन घ्या.

पहिलं पिकिटच्या टोकाशी, बाणाची खूण असलेल्या पहिल्या पिनपासून मोजून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर. दुसरी पिन म्हणजे व्हीडीडी, तिसरी ग्राउंड. दुसरं वाचन खुद्द आयसीच्या पायांवर. चाळीस पायांच्या १६एफ८७७ए मध्ये व्हीडीडी ११ आणि ३२ वर आहे, ग्राउंड १२ आणि ३१ वर. इथे दोन्ही जोड्या मोजा. ब्रेडबोर्डवर एकच जोडी जोडलेले बोर्ड नेहमी दिसतात. आयसी तशीही कशीबशी चालते आणि त्रास देते. पिकिटच्या टोकाशी ४.८ आणि आयसीवर ४.५ अशी तफावत आली तर दोष यूएसबीचा नाहीच, तुमच्या जम्पर वायरींचा आणि ब्रेडबोर्डच्या सैल झालेल्या पट्ट्यांचा आहे. तिसरं वाचन पोर्टवर. त्यासाठी पोर्ट आणि केबल यांच्या मध्ये बसणारा छोटा यूएसबी टेस्टर चांगला, तो व्होल्ट आणि करंट दोन्ही दाखवतो. घेताना एवढं पाहा की तो डेटाच्या तारा पुढे नेणारा हवा; नुसता चार्जिंग तपासायचा टेस्टर लावला तर पिकिट कॉम्प्युटरला दिसणारच नाही.

पिकिटच्या टोकाशी आणि पोर्टवर एकदा टार्गेट सोडवून वाचन घ्या, आणि मग तिन्ही ठिकाणी ते जोडून. टार्गेट नसताना पोर्टवर ५.०, जोडल्यावरही पोर्टवर ५.०, पण पिकिटच्या टोकाशी ४.६ असं आलं तर केबल किंवा पिकिटवरचा भार. पोर्टवरचा आकडाच खाली आला तर कॉम्प्युटर किंवा हब. करंट मोजायला मल्टिमीटर मालिकेत जोडणार असाल तर सांभाळा. स्वस्त मीटरच्या २०० मिलिअँपिअरच्या रेंजमध्ये साधारण एक ओहमचा रोध मधे येतो, १०० मिलिअँपिअरला तो स्वतःच ०.१ व्होल्ट खातो, आणि आधीच काठावर असलेला बोर्ड मोजता मोजताच बंद पडतो.

केबलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्यावर संशय सर्वात शेवटी घेतला जातो. पिकिट ३ ला मिनी यूएसबीचं टोक लागतं. नव्या फोनांना ते नसल्यामुळे घरातली कुठल्यातरी जुन्या कॅमेऱ्याची किंवा एमपी३ प्लेअरची केबल शोधून वापरली जाते. अशा बारीक केबलमध्ये पॉवरच्या ताराही बऱ्याचदा २८ गेजच्या असतात. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल १.८ मीटरची असेल तर करंटला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे ३.६ मीटर, म्हणजे सुमारे ०.७७ ओहम. २०० मिलिअँपिअरला ०.१५ व्होल्ट केबलमध्येच गेले, ५०० ला जवळजवळ ०.४. पॉवरच्या तारा २४ गेजच्या असत्या तर ५०० मिलिअँपिअरलाही ही घट ०.१५ च्या आसपासच राहिली असती. हे केबल न कापता कळतं. बऱ्याच केबलांच्या वेष्टनावर बारीक अक्षरं छापलेली असतात: २८ गेज, एक जोडी, २४ गेज, दोन तारा. पहिला आकडा डेटाचा, दुसरा पॉवरचा. आपल्याला दुसरा आकडा लहान हवा, कारण गेजचा आकडा लहान म्हणजे तार जाड. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर केबल घ्यायला गेलात तर रंग आणि किंमत बघण्याआधी ही अक्षरं वाचा. लांबी अर्ध्या मीटरची पुरत असेल तर दीड मीटरची घेऊ नका. एक्स्टेन्शन केबल तर वापरूच नका. तिचं प्रत्येक टोक म्हणजे आणखी एक सैल सांधा.

कॉम्प्युटरच्या बाजूला बघायचं थोडंच आहे. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडा, मागचे वापरा. पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटच्या आतून एक बारीक केबल आलेली असते, मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. कॉलेजच्या लॅबमध्ये पुढचे पोर्ट रोजच्या वापरानं खिळखिळे झालेले असतात हे वेगळंच. लॅपटॉपला शेजारी-शेजारी असलेले दोन पोर्ट आतून बऱ्याचदा एकाच पुरवठ्यावर असतात, म्हणून मोबाइल चार्जिंगला लावलेला असेल तर तो काढा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, पॉवर वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला दिलेली परवानगी काढून घ्या. लॅपटॉप बॅटरीवर असताना डिबगिंग मध्येच तुटत असेल तर कारण बहुधा इथेच सापडेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काही हबांसमोर प्रत्येक उपकरणाचे मिलिअँपिअर दिसतात, पण तो उपकरणानं मागितलेला आकडा असतो. ते प्रत्यक्षात किती घेतंय हे तिथे कळत नाही. ते टेस्टरनंच कळतं.

हब वापरायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या आणि तो अडॅप्टर खरोखर लावा. अडॅप्टरची जागा असलेला हब नुसत्या यूएसबीवरही चालतो, म्हणून पुष्कळ जण अडॅप्टर खोक्यातच ठेवतात, आणि मग तो हब विनाअडॅप्टरच्या हबासारखाच वागतो. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर पोर्टची ताकद सहसा भरपूर असते, पण त्याला जोडलेला चार तोंडांचा डोंगल हासुद्धा हबच आहे. पिकिटसाठी एकच तोंड असलेलं साधं टाइप-सी कन्व्हर्टर बरं.

तरीही माझा आग्रह एकच आहे: बोर्डाला स्वतःचा सप्लाय द्या, आणि पिकिटकडे फक्त प्रोग्रॅम चढवण्याचं आणि डिबगिंगचं काम ठेवा. ९ व्होल्टचा अडॅप्टर, ७८०५, इनपुट-आउटपुटला कपॅसिटर, एवढंच लागतं. ७८०५ ला आउटपुटपेक्षा किमान दोन व्होल्ट वर लागतात, म्हणून ६ व्होल्टचा अडॅप्टर चालणार नाही. १२ चा चालतो, पण २०० मिलिअँपिअरला ७८०५ मध्ये जवळजवळ दीड वॉट उष्णता होते, तेव्हा हीटसिंक लावा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी रिलेच्या बोर्डाला लावू नका, ती तासभरही धड साथ देणार नाही. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालतो. पॉवर बँकही चालते, पण बोर्डाचा करंट फार कमी असेल तर काही पॉवर बँका कुणी जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात.

स्वतंत्र सप्लाय दिला की तीन गोष्टी कटाक्षानं पाळायच्या. सप्लाय जोडण्याआधी एमप्लॅबमधली पॉवरची ती चौकट रिकामी करा. दोन सप्लाय एकाच व्हीडीडीवर भिडले तर करंट उलटा पिकिटात शिरतो. दुसरं, ग्राउंड एकच हवा. तिसरी गोष्ट सर्वात जास्त चुकते: आता पॉवर तिकडून येत नाही म्हणून पिकिटची दुसरी पिन सोडवून टाकतात. ती सोडवायची नाही. टार्गेटवर किती व्होल्टेज आहे हे पिकिट त्याच पिनेवरून वाचतो आणि आपल्या सिग्नलची पातळी त्याप्रमाणे ठेवतो. ती पिन मोकळी राहिली तर टार्गेटला पॉवरच नाही अशी तक्रार येईल, आणि तुम्ही पुन्हा यूएसबीच्या मागे लागाल.

कपॅसिटरचा एक मुद्दा राहिला. व्होल्टेज स्थिर राहावं म्हणून काही जण व्हीडीडीवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. पिकिटच्या पॉवरवर असताना तो उलट काम करतो. ३० मिलिअँपिअरनं १००० मायक्रोफॅरड ५ व्होल्टपर्यंत भरायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, तोवर पिकिटनं मोजून कमी व्होल्टेजचा शेरा दिलेला असतो. मोठा कपॅसिटर ७८०५ च्या बाजूला ठेवा. आयसीच्या प्रत्येक व्हीडीडी-ग्राउंड जोडीला पायांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. तो मात्र हवाच. रिले असतील तर त्यांचा पुरवठा वेगळा काढून यूएलएन२००३ मधून चालवा, आणि त्याची कॉमन पिन रिलेच्या पुरवठ्याला जोडायला विसरू नका.

एआरएमवर काम करणाऱ्यांना हाच हिशेब लागू आहे, आकडे वेगळे. जे-लिंक १९ व्या पिनेवर ५ व्होल्ट देऊ शकतो, ३०० मिलिअँपिअरपर्यंत, पण पहिली पिन टार्गेटचं व्होल्टेज वाचण्यासाठी असते आणि ती जोडलेली असावीच लागते. मूळचा एसटी-लिंक व्ही२ टार्गेटला पॉवर देत नाही. पेन ड्राइव्हच्या आकाराच्या स्वस्त नकला ३.३ व्होल्ट देतात, त्या इवल्याशा रेग्युलेटरवर वाय-फायचं मॉड्यूल चालवायची अपेक्षा करू नका. मायक्रोचिपचा स्नॅप तर पॉवर देतच नाही, त्याच्यासोबत सप्लाय लागतोच.

एवढं करून आयसीच्या पायांवर ४.९ व्होल्ट दिसताहेत, भार लागल्यावरही ते हलत नाहीत, आणि तरीही ओळखक्रमांक शून्यच येतोय, असं झालं तर पॉवरचा पाठलाग तिथेच थांबवा. चौथ्या आणि पाचव्या पिनेच्या पीजीडी-पीजीसी तारा अदलाबदल झाल्या आहेत का ते बघा, एमसीएलआरवर कपॅसिटर थेट लावला असेल तर तो काढा, आणि पिकिटपासून आयसीपर्यंतच्या तारा हातभर लांब असतील तर त्या वीतभर करा.